एस्तेरबाईंचा अबोला

ये सुमे, वाचता वाचताच का होईना, पण जरा जवळ सरक. परवा फोनवर मी एवढंच विचारलं, ‘देवापुढं दिवा लावतीस ना गं?’ तर तू म्हणालीस, ‘मावशी, देवाचा नि माझा आता काही संबंध नाही,’ आणि पुढचं ऐकून न घेता फोन ठेवून दिलास. असं करतात का? तुझी आई गेली, त्याचं दुःख तुला आहे तसं मलाही आहे. माझी पाठची बहीण होती ती. पण म्हणून मोठ्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तोडायचं? मी तुला पोथी सांगणार नव्हते बाई. एस्तेरबाईंचं सांगणार होते. आता लिहूनच काढते. माझं अक्षर वेडंवाकडं, शाळा थोडी, पण लिहिलेलं मधेच तोडता येत नाही, हे एक बरं.

तुझे काका फौजेतनं हवालदार होऊन आले आणि मिरजेला एका दवाखान्याच्या गेटवर त्यांना वॉचमनची नोकरी लागली. कोरेगावचं शेत थोरल्या दिरांच्या हवाली करून आम्ही स्टेशनच्या मागच्या बैठ्या चाळीत बिऱ्हाड मांडलं. भिंतीपलीकडं एस्तेरबाई. ख्रिस्ती बाई. त्याच दवाखान्याच्या शिवणखोलीत त्यांचा जन्म गेलेला. चादरी शिवायच्या, डॉक्टरांचे डगले शिवायच्या. आता घरी बसलेल्या, पण सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी टोपण, अंगुस्तान, ते काही त्यांच्या बोटातनं निघालं नव्हतं. मुलगा पाळण्यात असतानाच नवरा गेला. मुलगा शमुवेल, दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. म्हणजे दिवसभर बाई घरात एकट्या. असं आपलं मी समजत होते.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची मी गहू निवडत बसले होते, आणि भिंतीतनं आवाज आला.

“हे बघ, काल तू केलंस ते मला आवडलं नाही.”

मग गप्प.

“ते मला सांगू नकोस. त्या म्हातारीला काय वाटलं असेल?”

पुन्हा गप्प. आणि मधेमधे अंगुस्तानाची लाकडावर टकटक. सुमे, एकटं बडबडणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. माझी चुलत सासू बडबडायची. पण ती माणसं थांबत नाहीत. ह्या बाई थांबायच्या. समोरचं माणूस बोलायला लागलं की आपण कसे थांबतो, मान हलवतो, मधेच ‘बरं बरं’ म्हणतो, तशा. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. वाटलं, पाव्हणा आला असेल. पण पाव्हण्याचा आवाज का येईना?

साखरेचं निमित्त करून वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत बाई एकट्या. त्या खोलीला मागचं दार नव्हतं, बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. मी वाटी घट्ट धरून उंबऱ्यातच उभी राहिले.

“पाव्हणं गेलं वाटतं?” मी म्हटलं.

“नाही, आहेत की. या ना, बसा वहिनी.”

“कुटं हायेत?”

“आहेत म्हटलं ना. तुम्ही आलात म्हणून जरा थांबलेत.” आणि साखर काढायला उठल्या, जसं काही झालंच नाही.

नळावर बायका म्हणायच्या, बाईला काहीतरी लागीर हाय. तुझे काका कशाला भ्यायचे नाहीत, पण एक दिवस मला म्हणाले, “आगं, एवढी वर्सं सरहद्दीवर उभा राह्यलो. पर त्या खोलीपुढनं जाताना आपसूक पाठ ताठ होती बघ. आत कोण मोठा साहेब बसलाय आन् मला दिसंना, असं वाटतं.”

शमुवेलला विचारलं तर तो हसायचा. लय गोड पोरगं. म्हणायचा, “काकी, आमच्या घरात तिघं राहतात. घरमालकाला सांगू नका, भाडं दोघांचंच देतो आम्ही.”

हळूहळू माझं जाणंयेणं वाढलं. भीती गेली असं नाही म्हणणार. त्या खोलीत बसलं की पाठीमागं कुणीतरी आहे असं वाटायचं ते वाटायचंच. पण माणूस सवयीचा होतो, तशी भीतीसुद्धा सवयीची होते. बाई तांदूळ निवडता निवडता बायबलातल्या, जुन्या करारातल्या गोष्टी सांगायच्या. कशा सांगायच्या, तर माहेरच्या भाऊबंदांच्या सांगाव्या तशा. अब्राहाम म्हणून कुणी होता. देव एक गाव जाळायला निघाला, तर ह्या अब्राहामानं वाट अडवून मंडईत घासाघीस करावी तशी केली. एवढी चांगली माणसं निघाली तर सोडशील का? त्याहून कमी निघाली तर? त्याहून कमी? “आणि तो ऐकत राहिला, वहिनी. रागावला नाही. गिऱ्हाईक ओळखीचं होतं ना.” शमुवेलची नोकरी पक्की व्हायची होती तेव्हा बाईंनी असाच सौदा चालवलेला मी भिंतीतनं ऐकलाय. “मोटार मागत नाही, बंगला मागत नाही. पक्की कर म्हणते, एवढंच. ह्याहून खाली मी येणार नाही.” नोकरी पक्की झाली. त्या दिवशी पलीकडं नुसतं हसणं चाललं होतं.

दारात कुणी आलं की बाईंचे प्रश्न ठरलेले. नाव काय? कुठनं आलीस? कुठं निघालीस? कोण का येईना, भाजीवाली, मीटर बघणारा, देणगी मागणारा. एकदा बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची पाटी. आम्ही सगळ्या तिला ‘ए बोहारणी’ म्हणून हाका मारत होतो. एस्तेरबाईंनी विचारलं, “नाव काय गं तुझं?”

“बोहारीणच म्हंत्यात की समदी.”

“आईनं काय ठेवलं होतं?”

ती बाई थबकली. आठवायलाच लागलं तिला. मग म्हणाली, “पारू.” आणि लाजली, म्हातारी झालेली बाई.

ती गेल्यावर एस्तेरबाईंनी हागारेची गोष्ट सांगितली. हागार म्हणजे दुसऱ्याच्या घरातली दासी. मालकिणीनं छळलं, पोटुशी होती, रानात पळून गेली. सगळ्या गोष्टीत मालक-मालकीण तिला दासीच म्हणतात, नावानं कुणी हाक मारत नाही. रानातल्या झऱ्यापाशी देवानं पहिल्यांदा नावानं हाक मारली. आणि विचारलं काय, तर कुठनं आलीस, कुठं निघालीस. “तेव्हा त्या दासीनं काय केलं माहीत आहे? तिनंही त्याला नाव दिलं. मला बघणारा, म्हणाली. मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नाही ते तिनं केलं.”

मी म्हटलं, “पर बाई, आमाला बी देव ठावं हाय की. त्यात ओळख, ओळख काय म्हंता सारकं?”

“तुम्हाला कलेक्टर ठाऊक आहे?”

“हाय की.”

“त्याच्याशी भांडाल?”

“मी? आन् कलेक्टरशी?”

“आणि हवालदारसाहेबांशी?”

मी हसले. सकाळीच चहावरनं भांडले होते.

“हां. ते ओळखीचे,” बाई म्हणाल्या आणि सूप झटकलं.

शमुवेल हे नावही असंच आलेलं. लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन मूल नव्हतं. त्यांच्या शास्त्रात हन्ना म्हणून एक बाई आहे, तिलाही मूल नव्हतं. ती देवळात जाऊन एवढी मनापासून मागायला लागली की नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. तिथला म्हातारा पुजारी म्हणाला, ही दारू पिऊन आलीय. पण तिला मुलगा झाला, तो शमुवेल. आणि तिनं तो लहानपणीच आपण होऊन देवाच्या कामाला दिला. “मीपण तसाच मागितला हो,” एस्तेरबाई म्हणायच्या. “फक्त देईन असं म्हटलं नव्हतं. हन्नाएवढी मी मोठी नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.”

मग ते कोरोनाचं साल आलं.

पोरानं किती माणसं त्या गाडीतनं आणली त्याला गणती नाही. घरी यायचा तो बाहेरच्या बाहेर अंघोळ करून आईशी दारातनंच बोलायचा. मग एक दिवस त्यालाच आत घेतलं. आणि गेटवर तुझे काका. आत सोडायचा हुकूम नव्हता कुणाला. एस्तेरबाई गेटाबाहेर रस्त्यावर उभ्या. काकांनी सांगितलं मला नंतर, सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. बाई एवढंच म्हणाल्या, “हवालदारसाहेब, तुम्हाला मी काही म्हणत नाही. ज्याला म्हणायचं त्याला म्हणेन.” शमुवेल गेला. गुंडाळून नेला. तोंड बघायला मिळालं नाही आईला.

मला वाटलं, आता ही भिंत फुटेल. आता बाई असं काही बोलतील की चाळ हादरेल. मी कान लावून बसले. दुपार झाली, काही नाही. दुसरा दिवस, काही नाही. टकटक नाही. आधी त्या आवाजाची भीती वाटायची, आता आवाज नाही ह्याची वाटायला लागली. भिंतीपलीकडं माणूस जिवंत आहे की नाही, तेसुद्धा भांडं पडलं तरच कळायचं.

न राहवून गेले. बाई पीठ चाळत होत्या.

“बाई, तुमी बोलत न्हाई व्हय? त्यांच्याशी?”

“नाही. अबोला धरलाय.”

मला आधी कळेना. “द्येवाशी?”

“मग कुणाशी? हन्नानं आपण होऊन दिला. माझा न विचारता नेला. विचारलं असतं तर मी रडले असते, पाय धरले असते, भांडले असते. कोण जाणे, शेवटी दिलाही असता. पण घरच्या माणसाला विचारायची रीत असते की नसते?”

मी त्यांच्यापुढं टेकले. म्हटलं, “मग सोडून द्या की त्याला. एवढा वाईट वागला तर ठिवायचा कशाला?”

बाईंनी चाळणी खाली ठेवली. “वहिनी, सोडून गेलेल्या बाईला अबोला धरता येतो का? त्यासाठी घरातच राहावं लागतं.”

आणि राहिल्या, सुमे. आपल्याकडं बायका नवऱ्याशी अबोला धरतात तेव्हा काय करतात ते तू बघितलंयस. स्वयंपाक होतो, ताट वाढलं जातं, चहाचा कप जरा आपटून का होईना पण पुढं ठेवला जातो. बोलायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडानं. अगदी तसं. रविवारी बाई चर्चमध्ये जायच्या, ठरलेल्या जागी बसायच्या, सगळे गायला लागले की ओठ मिटून समोरच्या क्रुसाकडं बघायच्या. आणि निरोप माझ्याकडं द्यायच्या.

“वहिनी, देवापुढं बसाल तेव्हा सांगा त्यांना, कोपऱ्यावरच्या आजींचा खोकला वाढलाय. बघा म्हणावं.”

“सांगा त्यांना, पारूच्या मुलीचे दिवस भरत आलेत. मी काही मागत नाही, पण कानावर असू द्या म्हणावं.”

मी आपली खंडोबाच्या टाकापुढं हात जोडून म्हणायची, देवा, निरोप हाय, तुला न्हाई, फुडं द्यायचा हाय. तुझे काका म्हणायचे, “बायकुनं खंडोबाला पोस्टमन केला.” पण हसता हसता तेही टोपी काढून उभे राहायचे.

स्वतःसाठी मात्र बाईंनी एकही निरोप दिला नाही. आणि मला त्या खोलीत जाताना काय वाटायचं सांगू? आधी वाटायचं कुणीतरी बसलंय. आता वाटायचं, दोघं बसलेत. एकमेकांकडं पाठ करून. पिठाच्या डब्यावरचं झाकण वाजलं तरी मी दचकायची.

त्यांच्या चर्चचे पाळक यायचे समजूत घालायला. तरुण, भला माणूस. एकदा मी तिथं होते. ते म्हणाले, “एस्तेरबाई, देवाची इच्छा मान्य करावी. त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल.”

बाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, चहा घ्या. आणि तुम्ही मधे पडू नका. हे आमचं दोघांचं आहे.”

“अहो, पण असं रागावणं...”

“ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र असंच बोलत बसले होते. देवाचीच बाजू घेऊन. आणि ईयोब एकटा देवाशी भांडत होता. शेवटी देव कुणावर रागावला? ईयोबावर?”

पाळकांनी मान खाली घातली. “मित्रांवर.”

“साखर कमी नाही ना झाली?” बाई म्हणाल्या.

जाताना दारात ते मला हळूच म्हणाले, “ह्यांच्यासाठी मी प्रार्थना करतो, पण खरं सांगू काकू, करताना मला भीती वाटते. ह्यांचा हिशेब वरच्या पातळीवर चाललाय.”

वर्षं गेली. साथ सरली, लोकांनी तोंडावरची फडकी काढली, सगळं पहिल्यासारखं झालं. बाईंचा अबोला तसाच. मग त्यांच्या पायाला सूज यायला लागली, चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. तुझे काका रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाले, “आगं, बाईंनी असं जाऊ नये. भांडून गेलं तर चालंल, पर न बोलता?”

मलाही तेच कुरतडत होतं. मी जाऊन बसले त्यांच्यापाशी. “बाई, आता बोला की. मोठं मन करा. तुमी थोर हायसा.”

“चूक त्यांची आहे. ज्याची चूक त्यानं आधी बोलायचं.”

“आन् ते न्हाईच बोललं तर?”

सुमे, बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्यांना मी रडताना बघितलं, रागावताना बघितलं, पण घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, “तर मग एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होते, वहिनी?”

म्हणजे ते होतं. राग नव्हताच नुसता. त्या वाट बघत होत्या. रोज दुपारी, भांडी घासून झाली की, हात पुसून, खिडकीशी बसून. आणि समोरनं शब्द येत नव्हता. मी त्यांचा हात धरला. गार होता. म्हणावंसं वाटलं, मी आमच्या देवाला सांगते, तो त्यांना सांगेल. पण ह्यावेळी निरोपानं भागणार नव्हतं, ते मलाही कळत होतं.

नंतर त्यांना सांगलीला हलवलं. मी एक दिवसाआड एस.टी.नं जायची, भाताची पेज घेऊन. बाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या. विचारलं तर मान हलवायच्या. विचारलं नाही तर तेही नाही. चमच्यानं दोन घोट घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडं.

त्या दिवशी बस उशिरा निघाली. भेटायची वेळ संपत आली होती. मी जिना चढून वॉर्डच्या लांबलचक बोळात आले आणि बाईंचा आवाज ऐकला. खणखणीत. त्या धाप लागलेल्या बाईचा आवाज बोळाच्या ह्या टोकापर्यंत.

वॉर्डच्या दारात एक कोवळी सिस्टर वैतागून उभी. “आजी, तुम्ही ह्यांच्या घरच्या का? बघा ना, कधीच्या कुणाशी तरी भांडतायत. समोर कुणीसुद्धा नाही. भ्रम झालाय बहुतेक. जरा गप्प करता का?”

“नगं,” मी म्हटलं. “बोलू दे.”

दारातनंच बघितलं. बाई उशीला टेकून उठून बसल्या होत्या. केस सुटलेले, सलाईनचा हात वर केलेला, बोट रोखलेलं.

“विचारायचं होतंस. नुसतं विचारायचं होतंस मला. गेटाबाहेर उभी होते मी, लांब का होते? हाक मारली असतीस तर आले नसते?”

थांबल्या. ऐकत होत्या. भुवया जवळ आल्या.

“नाही. कारणं नकोत मला. कारणं पाळकांना दे.”

पुन्हा थांबल्या. ह्यावेळी खूप वेळ. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातेवाईक मोबाईल खाली ठेवून बघायला लागला. ती सिस्टरसुद्धा कुजबुजायची थांबली. पंखा फिरत होता. आणि बाईंचं ते रोखलेलं बोट हळूहळू खाली आलं, चादरीवर टेकलं. डोळे समोर कुठंतरी, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लागलेले. मग अगदी बारीक आवाजात, दुसऱ्याचं दुःख अचानक कळल्यावर आपण विचारतो ना तसं, त्यांनी विचारलं,

“तुलाही?”

मी आत गेले नाही, सुमे. दोघं बोलत असताना मधे जाऊ नये. पेज त्या सिस्टरच्या हातात दिली आणि बोळातल्या बाकावर बसून राहिले. आधी कोण बोललं, ते मला कधीच कळणार नाही. मी पोचले तेव्हा बोलणं सुरू झालेलं होतं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा दारातनं पुन्हा डोकावले. बाई पडल्या होत्या, तोंड भिंतीकडं नव्हतं, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या गेल्या.

मी काय, अडाणी बाई. बोळात बसून मला काय ऐकू आलं असं विचारशील तर काही नाही, पंख्याचा आवाज. पण त्या ऐकत होत्या, एवढं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तेव्हापासनं दुपारी घरात एकटी असले तरी मी डोक्यावरचा पदर नीट घेऊन बसते. का ते मला विचारू नकोस.

तर बाई, मी तुला दिवा लाव म्हणणार नाही. आईसाठी रागावलीयस, रागाव. तुझा राग खरा आहे. पण लांब तिकडं बंद दाराआड एकटीनं रागावून बसू नकोस, त्यानं माणूस नुसतं वाळतं. ये इकडं चार दिवस. ह्या महिन्यातच ये. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, तुझ्या काकांशी भांड, नाहीतर दुपारी आमची ही बाहेरची खोली तुला मोकळी करून देते, ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांड. मोठ्यानं भांड. आम्ही दोघं अंगणात बसू. मधे येणार नाही.